फुलोऱ्यासाठी कुफरी, बेण्यासाठी जालंधर

विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यातल्या खेड-मंचर भागात चांगला बटाटा पिकवायचा, तर बेणं इटलीहून आणावं लागे. आगबोटीनं मुंबई बंदर, तिथून व्यापाऱ्यांमार्फत गावोगाव. पांढरा, गोल, ‘इटालियन’ म्हणूनच ओळखला जाणारा बटाटा. पहिल्या वर्षी तो भरघोस उतरे. त्याच पिकातलं बेणं राखून पुढच्या वर्षी लावलं, की झाडं खुरटत, पानं कडेनं वळत, बटाटे बारीक निघत. आणखी एक-दोन हंगाम तसेच काढले, तर घातलेला खर्चही निघत नसे. मग पुन्हा नवं बेणं, पुन्हा आगबोट.

या बेण्याबरोबर एक पाहुणाही आला. बटाटा पोखरणारी पाकोळी भारतात पहिल्यांदा आढळली ती १९०६ च्या सुमारास, मुंबई इलाख्यात, इटलीहून आलेल्या बेण्यात. खेडचे शेतकरी बटाटा अरणीत साठवत. झाडाच्या सावलीत ढीग लावायचा, वर पाल्याचा जाड थर द्यायचा. उन्हाळ्यात या अरणींत पाकोळीनं घर केलं. उष्णतेनं सडणारा माल वेगळाच. शिवाय जमिनीतून येणारा बांगडी रोग होताच. त्यात बटाटा कापला की आत तपकिरी कडं दिसतं. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले हॅरोल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह १९२० साली पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीवर एक सविस्तर पुस्तिका काढली. दख्खनच्या खेड्याची आर्थिक पाहणी करणारे मान ते हेच. एका पिकामागे किती अडचणी एकत्र उभ्या होत्या, हे त्या काळच्या कामावरून कळतं. बेणं परकं, साठवण कच्ची, आणि पीक दर वर्षी थोडं थोडं का खालावतं याचं धड उत्तर कोणाकडेच नव्हतं.

देशात इतरत्रही फारसं वेगळं चित्र नव्हतं. उत्तरेत दोन प्रकारचे बटाटे शेजारी शेजारी नांदत होते. एक देशी. पोर्तुगीजांच्या काळापासून आलेले, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले: फुलवा, दार्जिलिंग रेड राउंड, साठा, गोला. त्यांचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशातलं, जिथे दिवस बाराही महिने फारसा लांबत नाही. म्हणून हिवाळ्याच्या छोट्या दिवसांत ते निवांत पोसत. त्यांचा मोठा गुण म्हणजे टिकाऊपणा. मार्चमध्ये काढलेला फुलवा घरात जमिनीवर पसरून ठेवला तरी उन्हाळा काढायचा आणि त्याला लवकर मोड येत नसत. पण उतारा कमी, डोळे खोल, आणि अंगात शतकानुशतकांचे विषाणू मुरलेले. दुसरे विलायती: मॅग्नम बोनम, अप-टू-डेट, क्रेग्ज डिफायन्स, ग्रेट स्कॉट. ते देखणे आणि उताऱ्याला चांगले, पण युरोपच्या उन्हाळ्यासाठी घडलेले. तिकडे पिकाला चौदा-चौदा तासांचा दिवस आणि १४० ते १८० दिवसांची मुदत मिळते. गंगेच्या मैदानात बटाटा हे हिवाळी पीक. ऊन दहा-अकरा तास, मुदत जेमतेम ९० ते १०० दिवस, आणि काढणीनंतर समोर ठाकलेला वैशाख. विलायती बटाट्याला यातलं काहीच मानवत नव्हतं.

या दोघांचा संकर करावा, हे कोणालाही सुचेल. तो करायचा कुठे, हा प्रश्न मात्र साधा नव्हता.

बटाटा आपण लावतो तो डोळ्यांवरून. बटाट्याच्या फोडीतून उगवलेलं झाड हे आईचं हुबेहूब रूप असतं, त्यात नवं काही नसतं. एका जातीचा देशभरातला सगळा बटाटा हे मुळात एकच झाड. याचा फायदा म्हणजे एकदा उत्तम झाड सापडलं, की ते जसंच्या तसं वाढवता येतं. तोटा आयर्लंडनं १८४५ नंतर भोगला. तिथल्या गरिबांच्या शेतांत मुख्यतः ‘लंपर’ ही एकच जात होती. करपा आला आणि ती सगळीकडे एकसारखी बळी पडली. दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगांत सुमारे दहा लाख माणसं गेली. नवं झाड हवं असेल तर फूल हवं, परागसिंचन हवं, फळ हवं. बटाट्याला लहान हिरव्या टोमॅटोसारखी फळं येतात आणि एकेका फळात शंभर-दोनशे बिया असतात. त्यातल्या प्रत्येक बीचं झाड निराळं. लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात, एकूण ४८. त्यामुळे आईबापांचे गुण पिल्लांत इतक्या तऱ्हांनी विखुरतात, की हजारो रोपांतून एखादंच कामाचं निघतं.

मैदानात हिवाळ्यात बटाटा फुलत नाही. दिवस लहान, झाडाचं सगळं लक्ष जमिनीखाली. कळ्या आल्या तरी गळून जातात. त्यातल्या त्यात फुलवा फुलायचा, म्हणून तर त्याला ते नाव. इतरांना फुलवायचं तर लांब दिवस आणि थंड हवा एकाच वेळी मिळायला हवी. भारतात ही दोन्ही एकत्र सापडतात ती हिमालयाच्या उतारांवर, उन्हाळ्यात.

जानेवारी १९३४ मधल्या बिहारच्या भूकंपानं पुसा इथली शाही कृषी संशोधन संस्था मोडून पडली. संस्था दिल्लीला हलवण्याची तयारी चालू असतानाच, १ एप्रिल १९३५ रोजी तिच्या देखरेखीखाली बटाट्यासाठी तीन लहान केंद्रं सुरू झाली. पैदाशीसाठी शिमला, बेण्याच्या तपासणीसाठी शेजारचं कुफरी, आणि बेणं वाढवण्यासाठी कुमाऊँमधलं भोवाली. या कामामागे दोन माणसं ठळकपणे दिसतात. एक बेंजामिन पिअरी पाल. केंब्रिजहून गव्हाचं अनुवंशशास्त्र शिकून आलेले, पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले. त्यांचं नाव गव्हाशी आणि गुलाबाशी जोडलेलं राहिलं. बटाट्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख कमी होतो, हे मला खटकतं. दुसरे पुष्करनाथ, ज्यांनी अख्खी कारकीर्द या एका पिकाला दिली.

आधी त्यांनी घरात काय आहे ते मोजलं. देशभरातून देशी बटाट्यांचे नमुने मागवले. नावं शेकडो निघाली. गावागणिक वेगळं नाव, बाजारागणिक वेगळं. शेजारी शेजारी लावून पान, फूल, मोड, साल असं सगळं ताडून पाहिल्यावर खरोखर वेगळ्या जाती मोजक्याच उरल्या. एकाच झाडाला दहा गावांनी दहा नावं दिली होती. हे काम कंटाळवाणं असतं, त्यातून बातमी होत नाही. पण ते झालं नसतं, तर पुढचे संकर अंधारातच झाले असते.

मग संकर. शिमल्याच्या उन्हाळ्यात कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी ती चिमट्यानं अलगद उघडायची, पाचही परागकोश काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्यानं लावायचे, चिठ्ठी बांधायची. बटाट्याचं फूल नाजूक. जरा हवा बदलली की देठापासून गळतं. फळ धरलं तर बिया काढायच्या, पुढच्या वर्षी रोपं करायची, प्रत्येक रोपाखालचे बटाटे वेगळे साठवायचे, आणि तिथून सात-आठ वर्षं नुसती निवड. कोणाचा आकार वाकडा, कोणाचे डोळे खोल, कोणी करप्यानं गेला, कोणी साठवणीत सुकला. एका जातीला साधारण दहा वर्षं लागतात.

दुसरं महायुद्ध मध्येच आलं. १९४० मध्ये इटली शत्रुराष्ट्र झाली आणि तिकडून बेणं येण्याची वाट बंद झाली. परक्या बेण्यावरचं अवलंबित्व किती धोक्याचं आहे, हे सरकारच्याही लक्षात आलं. १९४५ साली भारत सरकारचे शेती सल्लागार सर हर्बर्ट स्टुअर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली एका मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्थेची योजना आखली गेली. तिच्या मांडणीत पाल आणि पुष्करनाथ यांच्याबरोबर एस. रामानुजम होते. १९४६ मध्ये रामानुजम यांना योजना उभी करण्यासाठी विशेष अधिकारी नेमलं. ऑगस्ट १९४९ मध्ये पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली. रामानुजम तिचे पहिले संचालक झाले, आणि डोंगरातली तीन जुनी केंद्रं तिच्यात विलीन झाली.

त्या वर्षीचे आकडे मुद्दाम देतो. १९४९-५० मध्ये भारतात सुमारे २.३४ लाख हेक्टरवर बटाटा होता आणि उत्पादन १५.४ लाख टन. हेक्टरी साडेसहा टनांच्या थोडं वर.

संस्था पाटण्याला काढण्यामागे विचार होता: बटाटा पिकवणारा शेतकरी मैदानात आहे, तेव्हा संस्था तिथेच हवी. पण फुलं मैदानात येत नव्हती, आणि निरोगी बेणंही मैदानात राहत नव्हतं. १९५६ मध्ये मुख्यालय शिमल्याला हललं. मला या स्थलांतरात संस्थेची सगळी अडचण एकवटलेली दिसते. जात जन्माला घालायची तर डोंगर हवा, आणि ती पारखायची तर मैदानच हवं. डोंगरातल्या लांब दिवसांत जे झाड दिमाखदार दिसतं, ते पंजाबच्या डिसेंबरात कसं वागेल हे डोंगरात बसून सांगता येत नाही. म्हणून संकर कुफरीला, तिथे समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर, आणि रोपांची परीक्षा खाली जालंधरपासून पाटण्यापर्यंतच्या केंद्रांत. दर वर्षी बटाट्यांच्या पिशव्या वरून खाली, खालून वर जात राहिल्या. नव्या जातींच्या नावांपुढे ‘कुफरी’ लावायची प्रथा पडली ती जन्मगावाची खूण म्हणून.

पहिला संच १९५८ मध्ये बाहेर पडला: कुफरी किसान, कुफरी कुबेर, कुफरी कुमार, कुफरी कुंदन, कुफरी रेड, कुफरी सफेद. शेवटच्या दोन संकरित नाहीत. रेड ही दार्जिलिंग रेड राउंडमधून आणि सफेद ही फुलव्यातून निवडून, शुद्ध करून काढलेली. म्हणजे देशी बटाटा टाकून दिला नाही, तर त्याचं चांगलं घराणं शोधून ठेवलं. त्याचं फळ पुढे मिळालं. कुफरी रेड आणि कुफरी कुंदन यांच्या संकरातून १९६७ मध्ये कुफरी सिंदुरी आली. लाल सालीची, उष्णता आणि पाण्याची ओढ सोसणारी, साध्या साठवणीतही टिकणारी. त्याच कुफरी रेडला ‘गिनेके’ या युरोपीय जातीशी जोडून १९८० मध्ये कुफरी बहार निघाली.

पण १९५८ च्या या जातींवर एक सावट होतं, आणि ते पैदाशीनं हटणारं नव्हतं. कितीही चांगली जात शेतकऱ्याला द्या, तीन-चार वर्षांत ती इटालियन बटाट्याच्याच वाटेनं जाणार होती.

पीक का खालावतं याचं उत्तर तोवर युरोपात मिळालं होतं. पूर्वी लोक समजत, जात म्हातारी होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे दाखवलं, की पानं वळवणारा रोग संसर्गानं पसरतो. पुढे त्याचा वाहक सापडला तो मावा. पानांच्या खाली बसून रस शोषणारा हा हिरवा किडा एका झाडाचा विषाणू दुसऱ्यात नेतो. झाडातला विषाणू बटाट्यात उतरतो, बटाट्यातून पुढच्या वर्षीच्या झाडात. बियांपासून वाढणाऱ्या पिकात बहुतेक विषाणू मधल्या मध्ये गळून पडतात. बटाट्यात तसं होत नाही, ओझं दर पिढीला वाढतच जातं. युरोपनं यावर उपाय केला तो थंड, वाऱ्याच्या प्रदेशात बेणं वाढवण्याचा, कारण तिथे मावा कमी. स्कॉटलंडचं बेणं नावाजलं ते यामुळे.

त्यामुळे सर्वांची खात्री होती, की भारतातही निरोगी बेणं फक्त डोंगरात तयार होईल. पण डोंगरातलं बेणं निघायचं सप्टेंबर-ऑक्टोबरात. मैदानात लागवडीची घाई तेव्हाच असते, आणि नुकता काढलेला बटाटा झोपेत असतो. दोन-अडीच महिने त्याचे डोळे फुटत नाहीत. पुढच्या वर्षापर्यंत ठेवावा तर तो सुरकुतून जातो. शिवाय डोंगरातून उतरवण्याचा खर्च, डोंगराच्या मातीतले रोग, आणि अपुरा माल. देशाची सगळी मैदानं डोंगराच्या बेण्यावर लावणं कधीच शक्य नव्हतं.

पुष्करनाथ आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न उलट बाजूनं धरला. मैदानात मावा असतो, हे खरं. पण तो बाराही महिने असतो का? मैदानात जागोजागी, आठवड्यामागून आठवडा, बटाट्याच्या शंभर पानांवर किती मावा आहे ते मोजण्यात आलं. आकड्यांतून जे निघालं त्यानं भारतीय बटाट्याचं नशीब बदललं. ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर, काही भागांत जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, पंजाबपासून बिहारपर्यंतच्या पट्ट्यात मावा जवळपास नसतो. जानेवारीच्या मध्यावर तो एकदम वाढतो आणि शंभर पानांमागे वीसचा धोक्याचा आकडा ओलांडतो. मधल्या काळात ती जमीन बेण्यासाठी स्कॉटलंडइतकीच सुरक्षित.

१९५९ मध्ये पुष्करनाथ यांनी यावरून बेण्याच्या लागवडीची पद्धत मांडली. इंग्रजीत तिला ‘सीड प्लॉट टेक्निक’ म्हणतात. तिचे नियम कोणत्याही शेतकऱ्याला पाळता येतील असे आहेत. तपासलेलं निरोगी बेणं घ्यायचं. ऑक्टोबरात लावायचं, उशीर करायचा नाही. पीक उभं असताना निदान तीनदा शेत फिरून रोगट आणि भेसळीची झाडं बटाट्यांसकट उपटून टाकायची. डिसेंबरअखेरीस पाणी तोडायचं. आणि मावा धोक्याच्या आकड्याला पोचण्याआधी हिरवागार पाला जमिनीलगत कापून टाकायचा.

शेतकऱ्याला सर्वात जड गेलं ते हेच. पीक पोसत असताना स्वतःच्या हातानं पाला कापायचा, म्हणजे उताऱ्यातला काही भाग सोडायचा. पण झाड जगलं, तर मावा त्यावर बसणार आणि विषाणू पानातून बटाट्यात उतरणार. पाला गेला की ती वाटच तुटते. कापल्यावर बटाटे दोन-तीन आठवडे जमिनीत राहू द्यायचे, साल घट्ट होते. मग काढणी, निवड, आणि ऑक्टोबरपर्यंत शीतगृह, २ ते ४ अंश तापमानात. शीतगृहातून बाहेर आलेल्या या बेण्याची झोप पुरी झालेली असते. ते लावताच एकसारखं उगवतं. डोंगराच्या बेण्यात जे दोष होते, तेही मैदानातल्या बेण्यानं आपोआप काढून टाकले.

१९६२-६३ पासून संस्थेनं याच पद्धतीवर मूळ बेण्याची राष्ट्रीय योजना चालवली. एकेका बटाट्याचा एक डोळा कोरून काचघरात लावायचा, त्या रोपाची विषाणूंसाठी तपासणी करायची, आणि जो निर्दोष ठरेल त्याच बटाट्याची संतती पुढे वाढवायची. जालंधरच्या आसपास बेणं पिकवणाऱ्यांचा एक मोठा वर्गच तयार झाला. उत्तरेत शीतगृहं उभी राहिली. आज देशात ती आठ हजारांवर आहेत आणि त्यांतला मोठा भाग बटाट्यानंच भरलेला असतो. परदेशी बेण्याची गरज संपली. माझ्या मते भारतातल्या बटाट्याची क्रांती कोणत्याही एका जातीनं केलेली नाही. ती माव्याचं वेळापत्रक वाचून झाली, आणि प्रत्येक नव्या जातीला त्यानंतरच खरं आयुष्य मिळालं.

महाराष्ट्राच्या पठाराला मात्र असा मोकळा काळ मिळत नाही. इथला हिवाळा सौम्य, मावा कमी-जास्त प्रमाणात चालूच. खरिपाच्या पिकात तर पावसाची ओल आणि उबदार हवा दोन्ही. त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर जूनमध्ये लावला जाणारा बटाटा आजही बहुतांशी पंजाबातून आलेल्या बेण्याचा असतो. जालंधरहून ट्रक मंचरच्या बाजारात येतात आणि तिथून बेणं आंबेगाव, खेडच्या गावांत जातं. शेतकरी त्याला व्यापाराची रीत समजतात. तिच्या मुळाशी एका किड्याचं ऋतुमान आहे.

बेण्याचा पाया पक्का झाल्यावर पैदाशीलाही जोर आला. १९६८ हे त्या दृष्टीनं विलक्षण वर्ष. कुफरी चंद्रमुखी, कुफरी ज्योती, कुफरी अलंकार, कुफरी चमत्कार, कुफरी जीवन, कुफरी शीतमान, कुफरी खासीगारो आणि आणखीही काही, असा मोठा जथाच त्या वर्षी प्रसारित झाला. चंद्रमुखी लवकर येणारी, चवीला उत्तम. बंगालच्या बाजारात तिला आजही वेगळा भाव मिळतो. खरी परीक्षा झाली ती ज्योतीची.

ज्योतीची गोष्ट सांगायची तर पुन्हा करप्याकडे यावं लागतं. भारतात हा रोग १८७० ते १८८० च्या दरम्यान निलगिरीत पहिल्यांदा नोंदला गेला, थोड्याच वर्षांत दार्जिलिंगला. डोंगरात तो दर पावसाळ्यात येतो. ढगाळ हवा, १० ते २० अंश तापमान आणि पानावर ओल मिळाली, की आठवड्याभरात शेत काळं पडतं. इंग्लंडमध्ये रेडक्लिफ सॅलमन यांना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रानटी बटाट्यांत करप्याला दाद न देणारी झाडं आढळली होती. पुढे मेक्सिकोतल्या ‘सोलॅनम डेमिसम’ या रानटी जातीची प्रतिकारशक्ती जगभरच्या पैदासकारांनी आपापल्या बटाट्यांत आणली. ज्योतीतही ती या वाटेनंच आली.

शिमल्याच्या डोंगरात पावसाळ्यात आजूबाजूची शेतं जळत असताना ज्योती हिरवी उभी राहिली. ती डोंगरात पसरली, बंगालमध्ये पसरली, दख्खनच्या पठारावरही आली. पण ही प्रतिकारशक्ती मोजक्या जनुकांवर उभी होती, आणि करप्याचं रोगबीज बदलत राहतं. जनुक आणि रोगबीज यांचं नातं कुलूप-किल्लीचं. नवी किल्ली तयार व्हायला काही हंगाम पुरतात. काही दशकांत ज्योतीही करप्याला बळी पडू लागली. १९९० च्या दशकात भारतात करप्याचा ‘ए-२’ हा दुसरा जननप्रकारही आढळला. दोन प्रकार एकत्र आले की रोगबीजाला लैंगिक पुनरुत्पादन करून नवी रूपं धारण करता येतात.

ज्योती तरीही शेतातून गेली नाही, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. करप्याविरुद्धचं तिचं सामर्थ्य संपलं, पण तिच्या अंगी दुसरा एक गुण होता ज्याची सुरुवातीला कोणी एवढी जाहिरात केली नव्हती: ती विषाणूंनी फार सावकाश खालावते. लहान शेतकऱ्याला दर वर्षी नवं बेणं परवडत नाही. घरचं बेणं दोन हंगाम जास्त चाललं, तर तेच त्याचं उत्पन्न. रोगप्रतिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा मोठा, दिसणारा रोग येतो. शेतकऱ्यानं ज्योती राखली ती न दिसणाऱ्या रोगाला ती हळू शरण जाते म्हणून.

इतर शत्रूंविरुद्धही काम झालं. १९५२ मध्ये दार्जिलिंगला गाठींचा रोग सापडला. बटाट्यावर कोबीच्या फुलासारख्या गाठी येतात आणि रोगाचे अंश मातीत वर्षानुवर्षं राहतात. तिथला बटाटा बाहेर नेण्यावर बंदी आली आणि रोगाला दाद न देणाऱ्या जाती तिथे द्याव्या लागल्या. १९६१ मध्ये निलगिरीत सोनेरी सूत्रकृमी सापडला. त्याच्यासाठी १९८५ मध्ये कुफरी स्वर्णा आली.

पठारासाठी काय, याचं उत्तर १९७२ मध्ये आलं. कुफरी लवकर. नाव मराठी, आणि गुण नावाप्रमाणे. खरिपात पावसावर आणि रब्बीत छोट्या हिवाळ्यात लावता येईल अशी, कमी दिवसांत बटाटा धरणारी ही जात महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेशच्या पठारी भागासाठी शिफारस झाली. पठाराची अडचण मैदानापेक्षा निराळी आहे. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहिलं, की बटाट्याचं झाड नुसतं पाल्यानं वाढतं, जमिनीखाली गाठ धरत नाही. ‘लवकर’ या उष्णतेतही बऱ्यापैकी धरे. तिचं क्षेत्र पुढे घटलं. अधिक उतारा देणाऱ्या जाती आल्या, विशेषतः १९९८ ची कुफरी पुखराज, जी आज देशातल्या सर्वात जास्त पिकणाऱ्या जातींपैकी आहे. त्याच वर्षी चिप्ससाठी कुफरी चिपसोना-१ आणि २ आल्या. चिप्सचा बटाटा वेगळा लागतो: घट्ट गर आणि साखर कमी, नाहीतर तळताना काप करपट तपकिरी होतात.

‘लवकर’चं खरं मोल पैदासकारांनी ओळखलं. हवामान तापतं आहे, मैदानातही ऑक्टोबर पूर्वीसारखा थंड राहत नाही, हे दिसू लागल्यावर त्यांना उष्णता सोसणारा बाप किंवा आई हवी होती. त्यांनी पठाराच्या या जातीला पेरूतल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राकडून आलेल्या ‘एलटी-१’ या उष्णतासहिष्णू वाणाशी जोडलं. त्या संकरातून २००६ मध्ये कुफरी सूर्या प्रसारित झाली. ती लवकर लावली तरी चालते, आणि कोवळ्या पिकाला त्रास देणाऱ्या तुडतुड्यांना व कोळ्यांनाही बऱ्यापैकी तोंड देते. महाराष्ट्र-कर्नाटकासाठी निवडलेल्या जातीचा वारसा अशा रीतीनं उत्तरेच्या तापत्या हिवाळ्याच्या कामी आला.

२०११ मध्ये आंतरराष्ट्रीय चमूनं बटाट्याचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. त्यात शिमल्याच्या संस्थेचाही वाटा होता. सुमारे ३९ हजार जनुकं. आता रोप दोन पानांवर असतानाच एखादं विषाणूविरोधी जनुक त्यात आहे की नाही, हे कळू शकतं आणि निरुपयोगी रोपं सुरुवातीलाच वगळता येतात. १९४९-५० मधले हेक्टरी साडेसहा टन आज तेवीस-चोवीस टनांवर गेले आहेत. देशाचं उत्पादन पाच कोटी टनांच्या पुढे आहे. कुफरीला मात्र उन्हाळ्यात कळ्या अजून हातानंच उघडल्या जातात. या वर्षीच्या संकरातून एखादं रोप टिकलं तर त्याची जात व्हायला दहा वर्षं लागतील, आणि तेव्हाही तिचं बेणं ऑक्टोबरात लावून, मावा यायच्या आत, हिरवा पाला कापूनच वाढवावं लागेल.